हवेची हजेरी

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात मुलांच्या खोलीत लावण्यासाठी जे रंगीत तक्ते विकावयास असतात, त्यांतला ऋतूंचा तक्ता पाहिला म्हणजे तो छापणाऱ्या गृहस्थाने वऱ्हाडात एखादे वर्ष तर सोडाच, एखादी दुपारही काढली नसावी, अशी खात्री पटते. पहिल्या चौकटीत कुठल्याशा परदेशी बागेतील फुले, दुसरीत समुद्राच्या वाळूत रोवलेली पट्ट्यापट्ट्यांची छत्री, तिसरीत तांबूस पानांचा सडा आणि चौथीत नाकाच्या जागी गाजर खोवलेला बर्फाचा माणूस! पावसाळ्याला या चार चौकटींत जागाच नाही. ज्या मुलखात मे महिन्यात पारा ४५ अंशांची वेस ओलांडतो आणि ज्याचे सारे दैव जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पाण्यावर अवलंबून असते, त्या मुलखातल्या चार वर्षांच्या मुलाने हा तक्ता घोकावा आणि पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणून दाखवावा, याचे आपणांस कौतुक वाटते, हे चमत्कारिक आहे. कारण तेच मूल अंगणात खेळताना 'उन्हाया', 'पावसाया', 'हिवाया' हे तीन ऋतू कोणी न शिकवता ओळखत असते.

शाळेत जाण्यापूर्वीच्या वयात, म्हणजे साधारण तिसऱ्या वर्षापासून सहाव्यापर्यंत, घरच्या घरी हवामानाचे शिक्षण द्यावयाचे तर ते कशाचे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. ढगांची शास्त्रीय नावे किंवा अंशांचे आकडे या वयात निरुपयोगी होत. या वयाच्या मुलाचा खरा गोंधळ असतो तो काळाविषयी. झालेली प्रत्येक गोष्ट त्याच्या लेखी 'काल' झालेली असते आणि व्हावयाची प्रत्येक गोष्ट 'उद्या' व्हावयाची असते; मागल्या दिवाळीचे फटाकेही कालचे आणि पुढल्या वर्षीची जत्राही उद्याची. हा गोंधळ कॅलेंडरवर बोट ठेवून निस्तरत नाही. आज काही मांडून ठेवावे, रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि सकाळी ते पुन्हा पाहावे, हा क्रम वारंवार घडला म्हणजेच तो हळूहळू निस्तरतो. आणि मांडून ठेवलेल्या वस्तूंत रातोरात बदल घडवून आणण्याचे काम ऊन, वारा आणि पाऊस यांच्याइतके इमानाने व फुकट दुसरे कोणी करीत नाही. म्हणून पुढे जे खेळ सांगितले आहेत, त्यांचा मुख्य विषय हवामान असला तरी आतला विषय वाट पाहणे हाच आहे.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही, आणि अमरावतीशी तर त्याचा एक नाजूक धागा जुळलेला आहे. ज्या ताराबाई मोडकांनी मराठी बालशिक्षणाची घडी बसविली, त्यांच्या संसाराची काही वर्षे अमरावतीत गेली. त्यांचे यजमान तेथे वकिली करीत. पुढे तो संसार मोडला, ताराबाई काठियावाडात गेल्या, १९२३ मध्ये भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराच्या कामात पडल्या, १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार काढला आणि १९४५ मध्ये शहरी सोयींचा त्याग करून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस व नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत जाऊन राहिल्या. मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीची महागडी लाकडी साधने तेथे परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बिया, पाने, शिंपले, माती, काड्या यांचीच साधने केली आणि मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द सरकारी दफ्तरात रूढ झाला, तेव्हा महाराष्ट्रात ज्या ठिकाणांपासून तिचा आरंभ झाला त्यांत मेळघाटातील धारणी हे एक होते. घरातल्या बालवाडीलाही कोसबाडचाच दंडक लावावा: जे अंगणात आहे त्यावर भागवावे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी अंगणाच्या जागी गच्ची किंवा निदान बाल्कनी धरावी.

आरंभ उन्हाळ्यापासून करणे योग्य, कारण वऱ्हाडात त्याच्याइतका ठसठशीत ऋतू दुसरा नाही. अडचण एवढीच की, तो मुलांना बाहेर पडू देत नाही. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर जे साधेल तेवढेच साधावे. सकाळी साडेसातला मुलाला गच्चीवर उभे करून त्याच्या सावलीची कड खडूने आखावी, नऊच्या सुमारास त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभे करावे व पुन्हा आखावी. सावली आखडलेली पाहून मुलाला प्रथम वाटते, आपलेच काही चुकले. मग ते पाय लांब करून सावली पूर्वीच्या रेषेपर्यंत नेण्याची खटपट करते, आणि ती जात नाही तेव्हा प्रथमच वर सूर्याकडे पाहू लागते. (त्याने थेट सूर्याकडे टक लावू नये, एवढे तेवढ्यात सांगावे.) ज्यांना थोडी हौस असेल त्यांनी मे महिन्याच्या २३ ते २५ या तारखा राखून ठेवाव्यात. अकोला आणि अमरावती ही दोन्ही गावे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा त्यांच्या बरोबर माथ्यावर येतो. त्यांतली पहिली वेळ या दिवसांत पडते आणि दुसरी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, जी बहुधा ढगांच्या आड वाया जाते. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान पाच मिनिटांसाठी टोपी घालून अंगणात यावे आणि एक स्टीलचा पेला पालथा घालावा. त्याची सावली नाहीशी होते. "आबाजी, माही सावली कुठी गेली?" असा प्रश्न आला की आबाजींनी लगेच खगोलशास्त्र सांगू नये, मुलाला एक पाय उचलावयास सांगावे, म्हणजे दडलेली सावली तळव्याखाली सापडते.

उन्हाळ्याचा दुसरा धडा सुकण्याचा. तांब्याभर पाणी आणि एक जुना रंगाचा ब्रश दिला तर मूल गच्चीच्या फरशीवर पाण्याची चित्रे काढीत अर्धा तास रमते. शेपटी काढून होईपर्यंत डोके नाहीसे झालेले असते, आणि त्यातच सारी गंमत आहे. पाणी गेले कोठे, हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. उत्तराची घाई नसावी. त्याच्या एका हाताला ओला फडका लावावा, दुसरा हात कोरडा ठेवावा आणि दोन्हींवर फुंकर घालावी. ओला हात गार लागतो. माठ का पाझरतो, कूलरच्या ताट्यांवर पाणी का सोडतात आणि तोच कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो, या सर्वांचे मूळ या एका फुंकरीत आहे: पाणी सुकताना उष्णता घेऊन जाते, आणि हवा आधीच ओली असली म्हणजे ते सुकत नाही. कूलरजवळ मात्र हा प्रयोग करू नये. विजेचा पंप, ओली टाकी आणि लहान मूल यांची गाठ पडू न देणे हा वऱ्हाडी उन्हाळ्यातला पहिला कायदा असावा.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात ज्यांचे घर आहे त्यांना तर एक दुर्मीळ साधन घरच्या विहिरीतच मिळते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूंचा बराचसा मुलूख खारपाणपट्ट्यात मोडतो; तेथील जमिनीखालच्या पाण्यात क्षार इतके की माणसे ते पिण्यासाठी नाइलाजानेच वापरतात. एका बशीत हे खारे पाणी आणि दुसऱ्या बशीत फिल्टरचे पाणी सारखेच घालून दोन्ही उन्हात ठेवाव्यात. संध्याकाळी दोन्ही कोरड्या होतात, पण एकीच्या तळाशी पांढरी साय धरलेली असते. पाणी जाते आणि मीठ जात नाही, हे वाक्य उच्चारावे न लागता शिकवले जाते. शेतकऱ्याला हा पट्टा म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची कटकट. मुलाच्या दृष्टीने तिचा हा एवढा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी.

आणि वाळवण! एप्रिलात गच्चीगच्चीवर पापड, कुरड्या, शेवया, मुगवड्या पसरल्या जातात, तेव्हा घरातील बायकांनी मुलांना "हात लावू नको" म्हणून खाली पिटाळण्याऐवजी त्यांच्याकडे राखणीचे काम सोपवावे. गव्हाचा चीक शिजताना चाखलेला, सोऱ्यातून पडताना पाहिलेला आणि दुपारी कडक झाल्यावर हातात मोडलेला असा एकच पदार्थ तीन अवस्थांत ज्याच्या अनुभवाला आला, त्याला ओले, दमट आणि कोरडे यांतला भेद चित्रांवरून समजावून द्यावा लागत नाही. कुरडई प्रथम कडेने सुकते आणि मध्ये ओली राहते. उलटावयाची कोणती आणि राहू द्यावयाची कोणती, हे एकदा दाखवून दिले की पाच वर्षांचे मूल बिनचूक निवडते. कावळे हाकलण्याचे काम वेगळेच, त्याला शिक्षणशास्त्राची सबब लागत नाही.

आज मांडणे आणि उद्या पाहणे, ही पद्धत ज्या भूमीत विधीच्या रूपाने शेकडो वर्षे चालत आलेली आहे, ती भूमीही वऱ्हाडचीच. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शिवारात घट मांडतात: भोवताली अठरा प्रकारची धान्ये, मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि तिच्यावर पापड, कुरडई आदी पदार्थ; दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला कोणते धान्य कितपत हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात, आणि ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी पहाटेपासून जमतात. या भाकिताला शास्त्राचा आधार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु परातीत थोडी माती, चार ढेकळे आणि चार मुठी धान्य मांडून, रात्रभर बाहेर ठेवून, "सकाळी काय काय हलले ते पाहू" असा खेळ मुलाबरोबर केला, तर मुंगीने नेलेला दाणा, वाऱ्याने सरकलेला दाणा आणि चिमणीने टिपलेला दाणा यांचा तपास करण्यात जी निरीक्षणशक्ती खर्ची पडते, ती कोणत्याही किंडरगार्टनच्या पेटीत विकत मिळत नाही.

मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, आणि मोसमी पाऊस वऱ्हाडात यावयाचा म्हणजे त्यानंतरही आठवडाभर वाट पाहावी लागते. हा आठवडा जमिनीकडे पाहण्यासाठी उत्तम. काळ्या मातीचे वावर उन्हाने तडकून त्याला हातहात खोल भेगा पडलेल्या असतात, त्यांत तुरीची काडी घालून भेग किती खोल आहे ते मुलाने काडीवर मोजावे (काडी घालावी, हात नव्हे, विंचवाचे बिऱ्हाड तेथेच असते). पहिल्या दोन-चार सरींनंतर त्याच जागी काडी पुन्हा घालावी. माती पाणी पिऊन फुगते आणि भेग मिटते, हे पाहून होणारे आश्चर्य मोठ्या माणसांनीही अनुभवावे असे आहे. त्याच सुमारास ओल्या मातीत लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात. ते चावत नाहीत. तळहातावर घेऊन पाय मोजता येतात. प्रौढ किड्याचे ते आठ भरतात, म्हणजे नावाने किडा असला तरी तो कोळ्याच्या गोतातला. मोजून झाले की जेथून उचलला तेथेच सोडावा. काडेपेटीत कोंडून ठेवण्याची आपल्या लहानपणची रीत आता बंद केलेली बरी.

पावसाच्या मोजणीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथे हौशी पालक हमखास चुकतात. सरकारी पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला तर महसूल खात्याच्या लेखी ती अतिवृष्टी होते. अकोल्यास वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटरांच्या आतबाहेर पाऊस पडतो, आणि चिखलदऱ्यास त्याच्या दुपटीच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ही माहिती पालकासाठी झाली. मुलाला यातले काहीही सांगू नये. जीन पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे की, या वयाच्या मुलासमोर एका बसक्या भांड्यातले पाणी उंच, निमुळत्या भांड्यात ओतले तर पाणी वाढले असे ते ठामपणे सांगते; डोळ्यांदेखत ओतले तरीही. म्हणून रोज पाणी एकाच भांड्यात जमले पाहिजे. सरळ बाजूंची, रुंद तोंडाची काचेची बरणी उघड्यावर, झाडापासून व पागोळ्यांपासून दूर ठेवावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाण्याच्या उंचीइतकी निळ्या कागदाची पट्टी कापून ती एका लांब कागदावर ओळीने चिकटवावी आणि बरणी रिकामी करावी. पाऊस नसेल त्या दिवशीची जागा कोरी सोडावी. कोरी जागा सोडणे अत्यंत महत्त्वाचे. नाही पडला हीसुद्धा नोंदच आहे, आणि अर्धा जुलै कोरडा गेला म्हणजे घरातली मोठी माणसे हळू आवाजात का बोलतात, हे त्या रिकाम्या जागांवरून मुलाला काही अंशी उमगते.

या पट्ट्यांच्या वर एक चित्र काढण्याची सोय आपल्या पंचांगाने आयतीच करून ठेवली आहे. तेरा-चौदा दिवसांच्या प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला एक वाहन असते: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती. हत्ती, बेडूक, म्हैस आले तर पाणी भरपूर, अशी समजूत. आर्द्रा लागली की पंचांगात वाहन पाहावे, मुलाने तो प्राणी आपल्या कागदावर काढावा आणि नक्षत्र संपले म्हणजे खालच्या निळ्या पट्ट्या पाहून त्याने निकाल द्यावा: हत्तीने पाणी आणले की नाही? एखाद्या वेळी हत्ती कोरडा जातो आणि उंदीर घर वाहवून नेतो. श्रद्धेची खिल्ली न उडवता पडताळा पाहण्याची ही सवय चार वर्षांच्या वयात लागली तर पुढे पुष्कळ कामाला येईल.

ढगाचा खेळ म्हणून पुठ्ठ्यावर कापूस चिकटविण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि कापसाच्या जिल्ह्यात तो होणारच. बोंडातून कापूस ओढावा, सरकी वेगळी करावी, बोटांना चांगला व्यायाम होतो. पण ढग कापसाचा असतो, असा समज मात्र त्यामुळे दृढ होतो. त्यापेक्षा भात शिजताना पातेल्यावरचे झाकण मोठ्या माणसाने उचलावे आणि त्याच्या आतल्या बाजूचे थेंब एकमेकांत मिसळून, जड होऊन टपटपताना मुलाने हातभर दुरून पाहावेत. पावसाच्या खऱ्या कृतीच्या हे अधिक जवळचे आहे. गडगडाटाची भीती वाटणाऱ्या मुलासाठी मोजणीसारखा उपाय नाही: वीज चमकली की टाळ्या वाजवीत मोजावयास लागावे आणि आवाज आला की थांबावे. आवाजाला एक किलोमीटर कापावयास सुमारे तीन सेकंद लागतात, एवढा हिशेब पालकाने मनात ठेवावा. हा खेळ घराच्या आत बसून खेळावयाचा आहे. विजा चमकत असता झाडाखाली उभे राहण्याने आपल्याकडे दरवर्षी माणसे प्राणास मुकतात.

तापमानाचा आकडा मुलांना कळत नाही, पण तो कोठून येतो हे दाखविता येते. अकोल्यास १९६९ पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषी विद्यापीठ आहे. तेथून शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला दिला जातो. कोणत्याही वेधशाळेत चार पायांवर उभी असलेली, झडपांची पांढरी पेटी दिसते; तिच्यात सावलीत तापमापक ठेवतात. ही पेटी सिद्ध करणारा टॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडातला दीपगृहांचा अभियंता, आणि त्याचा मुलगा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने १८८५ मध्ये मुलांसाठी जो कवितासंग्रह काढला, त्यात वारा, पाऊस आणि सावली या तिन्ही विषयांवर कविता आहेत. बापाने हवा पेटीत धरली, लेकाने ती मुलांच्या तोंडी दिली. घरात दोन्ही कामे आईबापांनाच करावी लागतात.

हिवाळा वऱ्हाडात थोडका. सकाळी गवतावरचे दव बोटाने पुसावे, काचेवर वाफ सोडून तिच्यावर अक्षर गिरवावे, ज्वारीचा हुरडा भाजताना धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहून वारा कोठून येतो हे ओळखावे. याहून अधिक योजनेची गरज नाही.

वर्षातून एकदा जमले तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात चिखलदऱ्यास जावे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे ठिकाण विदर्भातल्या मुलांसाठी ढगात शिरण्याची एकमेव जागा आहे. गाविलगडाकडे चालताना ढग अंगावरून जातो, केस ओले होतात आणि पाच पावलांवरचे बाबा दिसेनासे होतात. परतवाड्याहून निघताना हवा भरलेला चिवड्याचा किंवा वेफर्सचा एक बंद पुडा मुलाच्या मांडीवर द्यावा. घाट चढत जाईल तसतसा बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि पुडा फुगून टणक होतो; उतरताना तो पुन्हा पहिल्यासारखा मऊ पडतो. मात्र खाली परतवाडा येईपर्यंत पुडा फोडावयाचा नाही, ही अट मुलाकडून आधीच कबूल करून घ्यावी, आणि ती मोडली जाईल या हिशेबाने दुसरा पुडा पिशवीत तळाशी ठेवावा.